चोगले मास्तरांचे डोंगर

चोगले मास्तरांना खुर्ची चावायची. पाच वर्षं मी त्यांच्याबरोबर एका शाळेत काढली, पण त्यांना सलग दोन मिनिटं बसलेलं पाहिल्याचं आठवत नाही. शिक्षकांच्या खोलीत चहा यायचा, तोसुद्धा ते खिडकी ते दार आणि दार ते खिडकी अशा येरझाऱ्या घालत प्यायचे, आणि बशीतला निम्मा माझ्या चित्रकलेच्या वह्यांवर सांडायचे. वर्गात त्यांच्या इतक्या फेऱ्या व्हायच्या की मुलांच्या माना दुखायच्या. आमचे हेडमास्तर एकदा वैतागून म्हणाले, "अहो चोगले, पृथ्वी फिरते हे मुलांना कळलंय. तुम्ही आता थांबलात तरी चालेल."

गाव रेवदंड्याजवळचं. नाव मुद्दाम सांगत नाही, माणसं ओळखू येतील. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती आणि गावोगाव नव्या शाळा निघत होत्या. मी नागावचा, नारळी-पोफळीच्या वाडीतला, चित्रकला शिकवायला तिथे गेलो. चोगले मास्तर त्याच गावच्या कोळीवाड्यातले. त्यांचे वडील तांडेल होते, म्हणजे होडी हाकणारे आणि होडीवर ज्यांचा शब्द चालतो ते. वडिलांमागे थोरल्या हिराजीने होडी घेतली आणि धाकट्याला शिकवलं. जना शिकून मास्तर झाला याचा हिराजीला केवढा अभिमान! बंदरावर कुणीही नवखा भेटला की तो आधी भावाचा हुद्दा सांगायचा आणि मग माशाचा भाव.

मास्तरांचा विषय भूगोल, पण खरं म्हणजे डोंगर. नद्या, पिकं, खनिजं ते दिवाळीच्या आत उरकून टाकत. डोंगराला मात्र त्यांना वर्ष पुरत नसे. रस्त्यात एस.टी.चा कंडक्टर भेटला तरी त्याला ते सागरगडाचा खांदा कुठून सुरू होतो ते सांगायचे, आणि तो बिचारा तिकिटांची पेटी सावरत "हो, हो" करायचा. मजा म्हणजे हा माणूस जन्मात एकही डोंगर चढला नव्हता. शाळेची सहल कनकेश्वराला गेली तेव्हा आम्ही सगळे धापा टाकत वर गेलो आणि हे पायथ्याशीच राहिले. मी खाली आल्यावर चिडवलं, तर म्हणाले, "वर जाऊन काय करू, राऊत? वर गेलं की तो डोंगरच दिसत नाही."

त्यांचे विद्यार्थीही त्यांच्याच वळणाचे. एकदा इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले. साहेब घाटावरचे, कडक. सहावीच्या वर्गात त्यांनी विचारलं, "सह्याद्रीतलं सर्वांत उंच शिखर कोणतं?" कोळीवाड्यातली गंगू म्हणून एक चुणचुणीत मुलगी होती. ती उभी राहिली आणि तिने उलट विचारलं, "कंच्या पान्यातनं बगून, साहेब?"

साहेब बघतच राहिले. गंगूला वाटलं, यांना कळलं नाही, समजावून सांगावं. "कनारीला असलं तर सागरगड उंच. धा वाव खोल पान्यात गेलं का मागचा माथेरान वर येतं, आनी सागरगड बुरतो. तुमी कुठं हाव त्यावर हाय ना ते."

हेडमास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मास्तर मात्र पुढे सरसावले. "साहेब, पुस्तकातलं उत्तर कळसूबाई. पाच हजार चारशे फूट. तेही यांना पाठ आहे. पण कळसूबाई आमच्या दर्यातून दिसत नाही. तिच्या भरवशावर कुणाचा बाप घरी येत नाही." साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'शिक्षक उत्साही आहेत. विषय सोडून बोलतात.' तो शेरा मास्तर पुढे कित्येक दिवस सर्वांना हौसेने वाचून दाखवत होते.

गंगू बोलली ते कोळीवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दर्यात पाटी नसते, मैलाचा दगड नसतो. तिथे डोंगर बघून चालायचं. त्यांनी डोंगरांना आपापली नावंही ठेवली होती. कर्नाळ्याचा सुळका म्हणजे अंगठा. एक वाकलेली टेकडी म्हणजे म्हातारी. लांबचा डोंगर जवळच्या डोंगराच्या मागे बरोबर आला की एक सरळ रेघ मिळते. दुसऱ्या बाजूचे असेच दोन एकामागे एक आले की दुसरी रेघ. या दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे पाण्याखाली खडप असतं, म्हणजे बुडालेला खडक, आणि खडपापाशी घोळ मासा. अशी खूण ज्याची त्याची असते. बाप ती होडी चालवणाऱ्या मुलाला सांगतो. बायकोला सांगत नाही, जावयाला तर नाहीच नाही. परका माणूस होडीत असला तर तांडेल त्या बाजूला फिरकतही नाही.

हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मास्तरांना ठाऊक होतं. आणि तरीही जे झालं ते त्यांच्याच हातून झालं.

शाळेच्या अंगणाला एक लांबलचक, कोरी भिंत होती. मास्तरांच्या डोक्यात आलं की या भिंतीवर डोंगरांची रांग काढायची, दर्यातून दिसते तशी. पुढच्या ओळीत दिसणारे डोंगर गेरूने आणि काजळीने, आणि त्यांच्या मागे निळीच्या फिकट रंगात न दिसणारे थोर डोंगर, म्हणजे कळसूबाई, साल्हेर, हरिश्चंद्रगड, महाबळेश्वर. प्रत्येकाखाली नाव आणि उंची. दिसणाऱ्यांना नकाशातलं नाव आणि कोळ्यांचं नाव, दोन्ही. कल्पना इतकी सुंदर होती की मीही पेटलो.

मी समुद्रातून डोंगर पाहिलेलेच नव्हते. म्हणून एका थंडीतल्या सकाळी मला हिराजीच्या होडीतून नेलं. कागद काढायच्या आधी मी पोटातलं सगळं काढलं. मास्तर होडीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे नाचत मला शिखरं दाखवत होते, त्याने होडी आणखीच हलत होती. सुकाणूवर हिराजी, काळाकभिन्न, शांत. दोघे सख्खे भाऊ आहेत असं कुणी म्हटलं नसतं. तो मला म्हणाला, "मास्तर, पान्याकडं बगू नका. डोंगराकडं बगा. त्ये हलत न्हाय." तसं केल्यावर खरंच बरं वाटलं. एका जागी त्याने नांगर टाकला. मी उगाच विचारलं, "इथे मासा चांगला मिळतो का हो?"

"इथं? कायबी न्हाय," हिराजी म्हणाला. "म्हनून तर तुमाला इथं आनलं."

मी तिथून रेखाटन करून आणलं आणि भिंतीवर काढायला घेतलं. पण मास्तरांचं समाधान होईना. मी डोंगर काढायचा आणि त्यांनी ओल्या फडक्याने पुसायचा. "नाही, राऊत. अंगठा या खांद्याच्या आड हवा. अजून आत. नखाएवढाच बाहेर दिसायला हवा." मी कागद दाखवला. कागदात अंगठा चांगला बोटभर मोकळा होता. ते कागदाकडे बघेनात. "तुमचा कागद काल काढलेला आहे. माझा डोळा लहानपणापासून बघतोय. सह्याद्री असाच दिसतो." तिकडे म्हातारीचंही तेच. तिला त्यांनी तीन वेळा हलवली आणि शेवटी मागच्या डोंगराच्या बरोबर पोटाशी आणून ठेवली. मी हट्टाला कंटाळलो आणि ते म्हणतील तसं काढून मोकळा झालो. त्या दिवशी मी माझ्या कागदासाठी भांडलो असतो तर पुढचं टळलं असतं. ही टोचणी मला अजून आहे.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर भिंत गावाला दाखवली. कोळीवाडा लोटला. बायका आपापल्या मुलांना "त्यो बग अंगठा, ती बग म्हातारी" म्हणत होत्या. मास्तर भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होते. हिराजी नवीन रुमाल बांधून आला होता. मी त्याच्याशेजारी उभा होतो. तो आधी हसत होता.

गर्दीत गोमा तांडेल म्हणून एक म्हातारा होता, खालच्या आळीतला. तो एका जागी थांबला. मग दोन पावलं डावीकडे सरकला. एक डोळा मिटला, हात लांब करून दोन बोटं उभी धरली आणि आधी अंगठा न्याहाळला, मग म्हातारी. मला वाटलं, चित्राची पारख करतोय. थोड्या वेळाने त्याने हात खाली घेतला आणि माझ्यापाशी येऊन म्हणाला, "बेस काडलाव, मास्तर. लई बेस." आणि बाकीचा कार्यक्रम सोडून निघून गेला. मी फुगलो. शेजारी हिराजी मात्र हसायचा थांबला होता.

त्याच आठवड्यात हिराजीच्या खडपावर गोमाची होडी आली. मग आणखी चार आल्या. जिथे एका घराने पिढ्यानपिढ्या घोळ काढली तिथे पाच होड्यांचे गळ एकमेकांत गुंतू लागले.

सोमवारी दुपारी हिराजी शाळेत आला. अंग ओलं, बंदरावरून तसाच. भिंतीसमोर उभा राहून त्याने हाक मारली, "जना!" मास्तर वर्ग सोडून बाहेर आले. हिराजीने अंगठ्यावर हात ठेवला.

"ह्यो असा कुठनं दिसतं?"

"दर्यातून," मास्तर म्हणाले. पाठ केलेल्या उत्तरासारखं पटकन म्हणाले.

"दर्यातनं कुठनं?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्या माणसाला तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्याने काय केलं आहे. बारा-तेरा वर्षांचे होईपर्यंत ते वडिलांच्या होडीत जात, आणि वडील त्याच एका खडपावर तासन् तास थांबत. मास्तरांच्या डोळ्यात सह्याद्री बसला तो तिथूनच बसला. सगळा दर्या सोडून, नेमक्या त्याच जागेवरून. डोंगर असेच असतात असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"बापाचं खडप तू भिंतीवर मांडलंस, जना," हिराजी म्हणाला. ओरडला नाही. वळला आणि चालू लागला. त्यानंतर तो भावाशी एक शब्द बोलला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

रोज संध्याकाळी हिराजीच्या घरून मास्तरांकडे मासळीचा वाटा यायचा, तो बंद झाला. मास्तर एकटे, बायको लग्नानंतर दोन वर्षांतच वारली होती. बाजारात मासळी रगड होती, पण त्यांनी विकत घेतली नाही. कोळ्याच्या पोटचा माणूस आमच्याबरोबर बसून, म्हणजे उभा राहून, दुधीची भाजी खायचा. मी एकदा घरून कोलंबीचं कालवण नेलं. त्यांनी डबा बंद करून परत दिला. "दादूसकडून येईल तेव्हा खाईन," म्हणाले. त्यांच्या येरझाऱ्या आता वर्गात मावेनात. शाळा सुटली की ते बंदरावर जात, होड्या लागेपर्यंत वाळूत फेऱ्या मारत. हिराजी उतरला की पुढे होत. हिराजी खांबाला वळसा घालावा तसा त्यांना वळसा घालून जाई. रोज. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला?

भिंतीला चुना फासू द्या म्हणून त्यांनी हेडमास्तरांच्या विनवण्या केल्या. पण एव्हाना वरचे साहेब भिंत बघून खूश झाले होते. हेडमास्तर म्हणाले, "चोगले, भिंत शाळेची आहे. तुमच्या घरची भांडणं तिच्यावर नकोत."

मग एका रविवारी मी वह्या आणायला शाळेत गेलो, तर मास्तर भिंतीपाशी. हातात कुंचला, पायाशी गेरूची वाटी. त्यांनी अंगठा चार बोटं डावीकडे सरकवला होता. नकाशात अर्ध्या बोटाची चूक झाली तर मुलाला वर्गाबाहेर काढणारा हा माणूस! मला पाहून म्हणाले, "राऊत, बघू नका." मी मान फिरवली. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी पाहतो तर अंगठा पुन्हा जुन्या जागी, रंग ओला. मास्तरांचे डोळे लाल. "नाही जमलं," ते म्हणाले. "उद्या यातलाच एखादा पोरगा हे डोळ्यात ठेवून होडी हाकेल. खोटा डोंगर शिकवून त्याला दगडावर घालू? दादूस नाही बोलला तर नाही बोलला." पण ते नुसतं म्हणायचं होतं. संध्याकाळी ते बंदरावर होतेच.

अशी दोन वर्षं गेली. एकदा दुपारी मास्तर आठवीला शिकवत होते आणि मी शेजारच्या वर्गात होतो. हिराजीची बायको पारूवयनी रिकामी पाटी काखेत धरून व्हरांड्यात येऊन उभी राहिली. ती शाळेच्या पायरीवर कधी आली नव्हती. आम्ही दोघेही बाहेर आलो.

"भावजी, तुमच्या दादूसचे डोले गेलं," ती म्हणाली. "सा महिनं झालं. कुनाला सांगत न्हाय. जवलचं नुसतं सावलीवानी दिसतं, आनी डोंगर तर समदे पुसले म्हनतान. अलिबागच्या डाक्टरला दावलं, त्यो बोल्ला, ह्ये मोतीबिंदू न्हाय, कापून जायाचं न्हाय. काल कोर्लईच्या दगडाला होडी घासली. खलाशी आता चढाया तयार न्हाईत."

"दादूसने पाठवलं तुला?"

"त्ये कशाला धाडतील?" वयनीचा आवाज चढला. "मीच आलंय. आनी आलंय म्हनून सांगू नका."

मास्तरांच्या हातात खडू होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि तसेच निघाले. वर्गात वाक्य अर्धं राहिलं होतं. मीही माझी मुलं सोडून मागे धावलो. त्याबद्दल पुढे बोलणी खाल्ली. भरती होती, होडी बंदरात डुलत होती. हिराजी एकटाच सुकाणूपाशी बसलेला. मास्तर धोतरासकट कमरेभर पाण्यात शिरले आणि काठाला हात घालून वर चढले. होडी कलली.

"कोन?" हिराजीने विचारलं.

"मी."

मला वाटलं, हा आता त्यांना पाण्यात ढकलणार. हिराजीने किनाऱ्याकडे तोंड केलं. डोळे उघडेच होते, पण कशावर ठरत नव्हते.

"म्हातारी दिसतं का?"

"दिसते, दादूस."

"आनी सागरगड?"

"तोपण."

"मंग काड नांगर," हिराजी म्हणाला.

मास्तरांनी आधी रजा घेतली, मग बिनपगारी रजा, मग राजीनामा. हेडमास्तरांनी वेड्यात काढलं. सरकारमान्य शाळेतली कायम नोकरी सोडून कुणी होडीवर जातं? कोळीवाड्यालाही हे पटलं नाही. शिकलेला पोरगा परत गळ टाकायला आला, म्हणजे शिक्षण फुकट गेलं असं म्हातारे म्हणाले. मला मात्र त्या दिवसांत मास्तरांच्या घरावरून जाताना कालवणाचा वास यायचा, आणि मी मुद्दाम त्या रस्त्याने जायचो.

पुढे माझी उरणकडे बदली झाली. पाच-सहा वर्षांनी एका लग्नाच्या निमित्ताने परत गेलो, तेव्हा आधी बंदर गाठलं. गावात बोलणं ऐकलं होतं की चोगले भावांना नवं खडप सापडलं आहे. जुनं तर केव्हाच नासलं होतं. नवं शोधायला दोघांना वर्ष लागलं. एक डोंगर सांगायचा, दुसरा हाताने दोरी सोडून तळ चाचपायचा. आता टोपल्या भरून घोळ येत होती आणि खालच्या आळीचं डोकं फिरलं होतं. इंजिन लावलेल्या दोन होड्या त्यांच्या मागावर गेल्या, पण पत्ता लागला नाही.

मास्तर काळे पडले होते, वाळले होते. मला कडकडून भेटले. मी सहज, जुन्या हक्काने विचारलं, "मास्तर, कुठले दोन डोंगर हो?"

ज्या माणसाने वाटेतल्या कंडक्टरला डोंगर सांगितले, तो माझ्याकडे बघून हसला. "राऊत, तुम्ही चित्रं काढता," म्हणाला.

"म्हणजे मला सांगणार नाही?"

"तुम्हाला तर नाहीच नाही."

क्षणभर मला राग आला. मग फार बरं वाटलं. होडीतून हिराजीने हाक मारली, "जना, वारा परतंल रं!" मास्तर पाण्यात शिरले.

सकाळचा मतलई वारा होता, जमिनीवरून दर्याकडे जाणारा. शीड लगेच भरलं. हिराजी सुकाणू धरून पुढे तोंड करून बसला होता आणि मास्तर त्याच्यासमोर, किनाऱ्याकडे तोंड करून. डोंगर सगळे मागे, त्यामुळे ते बघायचे तर त्यांना भावाच्या तोंडाकडेच बघावं लागत होतं. त्यांचे ओठ सारखे हलत होते, हात एकेका शिखराकडे जात होता. वारा त्यांचा आवाज दर्यात नेत होता. मला किनाऱ्यावर एक अक्षर ऐकू आलं नाही. हिराजीची मान मात्र प्रत्येक डोंगराला हलत होती.